अनुभवाचा रकाना

महेश्वरी : नाव झालं, जन्मतारीख झाली, आधार झालं. आता पाल्हाळ बंद कर आणि हे सांग. अनुभव?

दिग्विजय : लई आहे.

महेश्वरी : रकान्यात 'लई आहे' बसत नाही. कुठं, कधी, काय केलं ते सांग. पाचला साईट बंद होतीय. चार वाजून गेले.

दिग्विजय : तू अशी मानगुटीवर बसलीस तर मला आठवणार कसं?

महेश्वरी : पंधरा दिवस अर्ज चालू होता, दिग्या. शेवटच्या दिवशी, शेवटच्या तासाला तू सोनारीहून एसटीनं इथं ईटला माझ्या सेवा केंद्रात उगवलास. धाराशिवला कॉलेजातपण असाच यायचास, पेपर वाटून झाल्यावर.

दिग्विजय : उशिरा एन्ट्री घेतली की सगळे बघतात.

महेश्वरी : सगळे नाही, फक्त सुपरवायझर बघायचे. बाहेर बाकड्यावर एक आजी सातबारा काढायला बसलीय. तिचं काम थांबवून तुझं करायलेय मी. बोल.

दिग्विजय : बरं, आधी मला सांग, वयाचं काय लिहिलंय?

महेश्वरी : तीसच्या आत.

दिग्विजय : पुढच्या महिन्यात तीस पुरे होतात मला.

महेश्वरी : म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

दिग्विजय : तेच तर. पुण्याची नाटकाची शाळा, वर्षभर शिकवणार, राहायला देणार, दोन वेळचं खायला देणार. मराठवाड्यातून दोन पोरं घेणार म्हणे. आमचे वडील म्हणतात, नाटकं घरी कमी करतोस का, की शिकायला पुण्याला जायलास.

महेश्वरी : वडील शहाणे आहेत. ऐक, इथं खाली काय लिहिलंय. 'उमेदवाराने किमान एका सादरीकरणात काम केल्याचे प्रेक्षक अथवा आयोजक यांचे सहीचे पत्र जोडावे. सादरीकरण, ठिकाण, भूमिका, प्रेक्षकाचा अभिप्राय.' हे जोडल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.

दिग्विजय : अगं, तेवढं एक पान सोडून...

महेश्वरी : उघडत नाही म्हटलं. एक माणूस शोध. ज्यानं तुला काम करताना बघितलंय आणि जो ते चारचौघांत कबूल करंल.

दिग्विजय : एक? मला तीन तालुके ऐकतात. परंडा, भूम, वाशी. रोज.

महेश्वरी : कुठल्या नाटकात?

दिग्विजय : भंगारच्या टेम्पोच्या भोंग्यावर, रेकॉर्ड केलेला आवाज. 'फुटका पत्रा, जुना कूलर, मोडकी सायकऽऽल...'

महेश्वरी : अय्यो शिवा! तो तू आहेस? तो टेम्पो रोज दुपारी आमच्या आईची झोप मोडतो. दोनदा चप्पल फेकून मारलीय तिनं.

दिग्विजय : मग झालं की. प्रेक्षकाचा अभिप्राय आला. घे सही आईची.

महेश्वरी : सही करंल ती. पण अभिप्राय जो लिहील, तो वाचून पुण्यातले संगणक बंद करून घरी जातील.

दिग्विजय : हसू नको. जीव ओतलाय मी त्यात. 'मोडकी सायकल' म्हणताना आवाज जरा खाली उतरवलाय, कधी लक्ष देऊन ऐक. सायकल मोडून कोपऱ्यात पडते म्हणजे घरात कुणाची तरी शाळा सुटलेली असते.

महेश्वरी : लोक एवढं ऐकतात?

दिग्विजय : एका बाईनं तर चालू सायकल आणून दिली.

महेश्वरी : मग टेम्पोवाल्याची सही घे. बसवेशच ना तो? आमच्या भावकीतला आहे.

दिग्विजय : त्याचं आणि माझं फाटलंय. मी म्हटलं, पत्रा शब्द मला परत बोलायचाय, मनासारखा झाला नाही. तो म्हणला, माझ्या टेम्पोत एकदा पडलं ते पडलं, भंगार परत देत नसतो मी.

महेश्वरी : पुढं.

दिग्विजय : अस्वल.

महेश्वरी : कसलं अस्वल?

दिग्विजय : मोबाईलच्या दुकानासमोर, मे महिन्यात. ते सोड. अस्वलाच्या आतला माणूस कुणी बघितलाच नाही, साक्षीदार कुठून आणू? चक्कर येऊन पडलो तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यातल्या पहिल्या टाळ्या. शुद्धीत असतो तर नीट ऐकल्या असत्या.

महेश्वरी : स्टेजवर कधी उभा राहिलायस का तू?

दिग्विजय : उभा नाही. आडवा. नवरात्रात, तुळजापूर रस्त्याच्या एका मंडळाचा जिवंत देखावा. महिषासुर.

महेश्वरी : हे लिहिण्यासारखं आहे! देवी कोण होती?

दिग्विजय : अध्यक्षाची मेव्हणी, समृद्धी. आठ हातांपैकी सहा पुठ्ठ्याचे. खऱ्या दोन हातांपैकी एकात त्रिशूळ आणि एकात मोबाईल. पाय माझ्या छातीवर, डोळे स्क्रीनवर. तिला हसू आलं की टाच खोल जायची. नऊ दिवस मी असा मेलो, दर पंधरा मिनिटाला.

महेश्वरी : डायलॉग?

दिग्विजय : एकच. 'आऽऽ.' पण रोज वेगळा म्हणायचो. पहिल्या दिवशी गर्वाचा, दुसऱ्या दिवशी पश्चात्तापाचा. सातव्या दिवशी खराच, कारण त्रिशूळ लागला. त्याच दिवशी एक म्हातारी देवीची ओटी भरून आली आणि जाता जाता माझ्या कानाखाली ठेवून दिली. म्हणाली, आजून जित्ताच का रं मुडद्या?

महेश्वरी : म्हणजे काम पटलं म्हण की!

दिग्विजय : लई पटलं. म्हणून तर सही मिळाली नाही. अध्यक्ष म्हणला, राक्षसाला मंडळाच्या लेटरपॅडवर शाबासकी दिली तर आमची इज्जत काय राहील?

महेश्वरी : बरोबर आहे त्याचं. मग लग्नातलं लिही की. तू माईकवर बोलायचास ना? 'मान्यवरांचं शब्दसुमनांनी स्वागत' वगैरे?

दिग्विजय : तिथंच तर घात झाला. आपल्याकडं लग्न म्हणजे अक्षतांआधी दीड तास सत्कार. टॉवेल, टोपी, नारळ. मांडवात यादी दिली मला आणि मी जोशात वाचत सुटलो. 'आता मी विनंती करतो आपले लाडके सरपंच, त्यांनी व्यासपीठाकडं यावं.' कुणी येईना. मी परत पुकारलं, 'साहेब, लाजू नका, आम्ही तुमच्याशिवाय अक्षता टाकणार नाही.' नवरीचा बाप लांबनं हातवारे करायला लागला.

महेश्वरी : का?

दिग्विजय : यादी थोरल्या पोरीच्या लग्नातली होती. सरपंच दिवाळीतच वारलेले.

महेश्वरी : अय्योऽऽ! मग?

दिग्विजय : मग काय, त्यांचं पोरगं उठलं, टॉवेल-टोपी घेतली, फोटो काढला आणि जाऊन जेवायला बसलं. पण नवरीच्या बापानं मला पुढं कुठल्या मांडवात उभं राहू दिलं नाही.

महेश्वरी : दिग्या, साडेचार झाले. मला खरंच वाईट वाटायलंय आता. इतकी कामं केलीस आणि सही करणारा एक माणूस नाही?

दिग्विजय : तुला आत्ता वाटायलंय, मला सात वर्षांपासून वाटायलंय. घरी गेलो की वडील विचारतात, आज काय झालतास? आई विचारते, जेवलास का? दोन्हीचं उत्तर मला देता येत नाही.

महेश्वरी : आणखी काही उरलंय? आठव. कुणी बघितलेलं.

दिग्विजय : एक आहे. पण त्या कामात कुणी बघितलं की काम संपलं.

महेश्वरी : चोरी केलीस का काय?

दिग्विजय : कावळा केला.

महेश्वरी : काय केलास?

दिग्विजय : लहानपणी ज्वारीची राखण करायचो. गोफण मारून हात दुखायचा, म्हणून मी ससाण्यासारखं ओरडायला शिकलो. एका हाकेत सगळी पाखरं रानाबाहेर. मग चिमणी, साळुंकी, होला, कावळा, सगळेच शिकलो. आणि सोनारीत देवळाभोवती माकडंच माकडं, त्यांचा आवाज शिकवायला कुणी लागतच नाही.

महेश्वरी : ते दिसतंयच. कावळ्याचं काय?

दिग्विजय : दहाव्याला पिंड ठेवतात. कावळा शिवला तर गेलेल्याची इच्छा पुरी झाली, नाही शिवला तर काहीतरी मागं राहिलंय. आता कावळे कमी झालेत. भटजी घड्याळ बघायलेत, पाव्हणे ऊन बघायलेत, पोरं हात जोडून कसकसले शब्द द्यायलेत. तेव्हा घरातला एखादा मला आधीच सांगून ठेवायचा. मी झाडामागं बसायचो. कावळ्यांची एक हाक असते, 'इथं खायला आहे' म्हणून. ती दिली की दोन कोसांवरनं येतात.

महेश्वरी : लाज नाही वाटली?

दिग्विजय : आधी वाटली. पण तो कावळा शिवला की लोक जे रडतात ना महेश्वरी, सुटल्यासारखे, ते बघितलं की वाटायचं, आपण काहीतरी करायलो.

महेश्वरी : खोटं बोलायलास. माणसाच्या तोंडाला कावळा फसत नाही.

दिग्विजय : काढून दाखवू?

महेश्वरी : दाखव.

(दिग्विजय तोंडाभोवती हात धरून कावळ्याची हाक देतो. समोरच्या लिंबावरून खरोखरीचं उत्तर येतं. बाहेर बाकड्यावर बसलेली म्हातारी गौराबाई उठून दारात येऊन उभी राहते.)

गौराबाई : कोण वरडलं?

महेश्वरी : काही नाही आजी. हा माझा कॉलेजातला मित्र, गंमत करायलाय. तुमचा सातबारा देते हं, पाचच मिनिटं.

गौराबाई : तुला न्हाय इचारलं, बाई. तू. परत वरड.

दिग्विजय : आजी, ते उगंच...

गौराबाई : वरड म्हणलं की.

दिग्विजय : काऽऽव.

गौराबाई : ह्योच. शेवटाला असंच लांबवलं हुतं, भंगारवाल्यावानी. मागल्या वैशाखात, बाणगंगेच्या कडंला, आमच्या मालकाच्या दहाव्याला. तवाच माझ्या मनात आलं, ह्यो कावळा हाय का भंगारवाला? मग म्हणलं, आपल्याच कानाचा दोष आसंल. तू हुतास व्हय रं?

महेश्वरी : दिग्या, मागचं दार उघडं आहे.

दिग्विजय : नाही. पळत नाही मी. व्हय आजी. मीच होतो. बाभळीमागं.

गौराबाई : कुणी बशीवलं हुतं तुला तिथं?

दिग्विजय : ते सांगायचं नसतं, आजी.

गौराबाई : माझ्या मालकाचा दहावा, आन् मला सांगायचं नसतं?

दिग्विजय : तुमच्या थोरल्यानं. बलभीमरावांनी.

गौराबाई : बलभीमनं? आन् लोक म्हणत्यात पोराला डोस्कं न्हाय.

महेश्वरी : आजी, बसा. पाणी घ्या. झालं काय होतं त्या दिवशी?

गौराबाई : काय व्हायचंय? दोन घंटे कावळा न्हाय. बलभीम पुढं झाला, हात जोडलं. 'आप्पा, काळजी करू नगा, आईला म्या सांभाळतो. आई हक्कसोडावर सही करंल, रान समदं एका जागी ऱ्हाईल.' कावळा न्हाय. पुन्यांदा म्हणला. कावळा न्हाय. आन् ह्या घरात येऊन चाळीस वर्सं झाली, कंदी चार माणसांत तोंड उघडलं नव्हतं, ती म्या उठले. म्हणलं, 'आवं, मला कुणी सांभाळू नगा. हिरीकडलं तीन एकर मी माझ्या हातानं केलंय, त्येच्यावर माझं नाव लागंल. म्या सही करायची न्हाय.' माझं बोलणं सरतंय न सरतंय, तर बाभळीकडनं काऽव! आन् कावळा पिंडाला शिवला. भटजी म्हणलं, बाई, ही रामलिंगरावांची इच्छा. मग कोण बोलणार?

महेश्वरी : पण दिग्या, बलभीमरावांनी तुला बसवलं होतं. तर मग त्यांच्या बोलण्यावर का नाही ओरडलास?

दिग्विजय : तसंच ठरलं होतं. 'आईला मी सांभाळतो' म्हणले की ते टॉवेल झटकणार आणि मी हाक देणार. त्यांनी टॉवेल झटकला. तीनदा झटकला.

गौराबाई : मला वाटलं माशा लई झाल्यात.

महेश्वरी : मग?

दिग्विजय : मी तोंड उघडलं होतं. पण मला ते वाक्य पटलं नाही.

महेश्वरी : वाक्य?

दिग्विजय : 'आईला मी सांभाळतो' म्हणताना माणूस एकदा तरी आईकडं बघतो की नाही? ते सगळा वेळ बाभळीकडं बघायलेत. माझ्याकडं! इतकं खोटं काम मी मंडळाच्या देखाव्यातपण बघितलं नाही. त्याला साथ कशी देणार? आणि मग ह्या उठल्या. पदर नीट केला, पिंडाकडं बघून बोलल्या. एक शब्द खोटा नव्हता. मी ठरवून काही केलं नाही, महेश्वरी. तोंडातून हाक गेली.

महेश्वरी : आणि बलभीमराव?

दिग्विजय : बाभळीमागं येऊन दोन लाथा घातल्या. तेव्हापासून कावळा बंद.

(गौराबाई पदर डोळ्यांना लावते.)

महेश्वरी : आजी? रडू नका ना.

गौराबाई : रडत न्हाय गं. मला वाटलं हुतं, चाळीस वर्सं गप बसल्याला माणूस मेल्यावर का व्हयना, एकदा माझ्या बाजूनं बोलला. सासूनं उपाशी ठिवलं, बोलला न्हाय. दीरानं अंगावर हात टाकला, बोलला न्हाय. आन् दहाव्याला बोलला म्हणून म्या त्येला समदं माफ केलं हुतं. रोज फोटूम्होरं दिवा लावायले. तर तिथं ह्यो बसला हुता, बाभळीमागं.

दिग्विजय : चुकलं माझं, आजी. तुम्हाला सांगायला नको होतं.

गौराबाई : मला वाईट वाटतंय, लई वाईट वाटतंय. खोटं कशाला बोलू? पर एक सांग. शिवला तो कावळा खरा हुता का त्यो बी पुठ्ठ्याचा?

महेश्वरी : तुम्ही सगळं ऐकायलात की काय बाहेरनं?

गौराबाई : बाकडं दाराशीच हाय, बाई.

दिग्विजय : खरा होता, आजी. हाक मी दिली. पाच-सहा आले, आणि एरवी ते अर्धा घंटा नैवेद्याच्या बुंदीभोवती नाचतात. त्यातला एक मात्र सरळ पिंडावर उतरला. त्याला मी सांगितलं नव्हतं.

गौराबाई : हं. आसंल. तेवढं मालकाच्या नावावर ठिवू.

महेश्वरी : दिग्या, पाचला बारा मिनिटं. अर्ज बंद करू का?

दिग्विजय : कर. राहू दे. आजीचा सातबारा काढ.

गौराबाई : बंद का करती? एक माणूस पायजे हुता ना, काम बघितल्याला?

महेश्वरी : आजी, तुम्हाला कळायलंय का? हे लिहून दिलं तर ते कागदावर येईल. उद्या कुणी तुमच्या पोराला दाखवलं, भावकीला दाखवलं, तर म्हणतील कावळा खोटा, इच्छा खोटी. तुमच्यावरच उलटंल.

दिग्विजय : तीच गोष्ट. नको, आजी. माझ्यापायी तुमच्या घरात परत भांडण नको.

गौराबाई : पोरी, तो माझा सातबारा निघतो का बघ आधी.

महेश्वरी : निघालाय. हा बघा. फेरफार मंजूर. गौराबाई रामलिंग हुंबे.

गौराबाई : त्येच्यात कुठं कावळ्याचं नाव हाय का?

महेश्वरी : नाही.

गौराबाई : आमच्या मालकाचं?

महेश्वरी : नाही आजी. तुमचंच आहे.

गौराबाई : मग कळू दे ज्येला कळायचं त्येला. घे लिहायला. बलभीम इचारील तर म्हणंन, तूच आणलतास की त्येला.

दिग्विजय : आजी, पण...

गौराबाई : तू गप रं. चांगला गप बसायला शिकल्याला हाईस, टॉवेल झटकला तरी. आता पंधरा मिंटं बस.

महेश्वरी : पंधरा नाहीत, नऊच आहेत. बोला. सादरीकरण?

गौराबाई : म्हंजी?

महेश्वरी : कार्यक्रम कसला होता?

गौराबाई : दहावा.

महेश्वरी : 'दशक्रिया विधी.' ठिकाण, बाणगंगेचा काठ. भूमिका?

दिग्विजय : कावळा लिही.

महेश्वरी : पुण्याच्या नाटकाच्या शाळेत कावळा लिहून पाठवू?

गौराबाई : कावळा न्हाय. कावळा तर वरनं खराच आला हुता. ह्यो आमचा मालक झालता. मालक लिही.

महेश्वरी : 'भूमिका : कै. रामलिंग हुंबे.' असंच लिहिते. चालंल?

दिग्विजय : पळंल, महेश्वरी. तूच पुढं विचार.

महेश्वरी : एवढं एकच राहिलंय, आजी, मग खाली सही करा. प्रेक्षकाचा अभिप्राय. म्हणजे ह्यानं काम कसं केलं?

गौराबाई : मालकापरीस बरं केलं.